युनियनच्या पैशावर प्रचार : बोट नेमकं कुठं ठेवायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कारखान्यातल्या नोंदणीकृत युनियनची तीन वर्षांनी निवडणूक लागली आहे. विद्यमान सरचिटणीस पुन्हा उभे आहेत. युनियनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज त्यांच्याच पॅनेलचे संदेश पडतात, मुखपत्राच्या ताज्या अंकात त्यांचे अकरा फोटो आहेत, पत्रकं युनियन ऑफिसच्या झेरॉक्स मशीनवर निघतात आणि युनियनची गाडी संध्याकाळी त्यांच्याच लोकांना घेऊन वस्त्यांमधून फिरते. विचारलं की उत्तर मिळतं, "हे युनियनचंच काम चाललंय." याची तक्रार करता येते का, कुठे करायची आणि त्यावरून निवडणूक रद्द होते का, हे तुम्हाला हवंय.

मी सतरा वर्षं पदाधिकारी होतो. त्यानंतर बाहेरच्या युनियन मला निवडणूक अधिकारी म्हणून बोलावू लागल्या, ते काम अजून करतो. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. आणि तुम्ही लिहिलेल्या प्रकारांपैकी एक मी स्वतःही केलेला आहे, तो पुढे सांगतोच.

आधी एक गाठ सोडवू. "पैसे खाल्ले" आणि "युनियनची साधनं प्रचाराला वापरली" हे दोन वेगळे आरोप आहेत, आणि तुमच्या प्रश्नात ते एकमेकांत मिसळलेत. तुमच्या सरचिटणीसांनी बहुधा एक रुपयाही खिशात घातलेला नाही. निवडणुकीत रोख रक्कम क्वचित हलते. हलतं ते कागद, टोनर, डिझेल, सभासदांचे फोन नंबर आणि ऑफिसातल्या कारकुनाचे दोन-तीन तास. सगळ्यांच्या वर्गणीतून उभी राहिलेली ही साधनं एकाच उमेदवाराच्या हाताशी असतात आणि दुसऱ्याला त्यांचं दारही उघडत नाही, हे तुमचं खरं दुखणं आहे. तक्रार लिहिताना हेच लिहा. "भ्रष्टाचार" हा शब्द घातलात की समोरचा माणूस हिशेबाच्या वह्या काढून टेबलावर ठेवतो, प्रत्येक रुपयाचं व्हाउचर दाखवतो आणि तुम्ही सभेत तोंडघशी पडता. असं पडलेले तीन-चार जण माझ्या पाहण्यात आहेत, आणि त्यातल्या दोघांचं म्हणणं मुळात बरोबर होतं.

आता कायदा. आपल्याकडे "युनियनच्या निवडणुकीत युनियनचा पैसा उमेदवारासाठी वापरू नये" असं एका वाक्यात सांगणारं कलम नाही. अमेरिकेत आहे. तिथल्या १९५९ च्या कायद्याने सभासदांच्या वर्गणीचा पैसा आणि मालकाचा पैसा, दोन्ही कुठल्याही उमेदवाराच्या प्रचाराला लावायला बंदी घातली. आपल्याला तोच मुद्दा वळसा घेऊन गाठावा लागतो. श्रमिक संघ अधिनियम, १९२६ च्या कलम १५ मध्ये सर्वसाधारण निधी कशाकशावर खर्च करता येतो याची यादी होती: पदाधिकाऱ्यांचे पगार-भत्ते, कारभाराचा आणि लेखापरीक्षणाचा खर्च, कोर्टकज्जे, औद्योगिक विवाद चालवणं, आजारी किंवा बेकार सभासदांना मदत, कामगारांच्या प्रश्नांवर चालणारं नियतकालिक, वगैरे. राजकीय कामासाठी कलम १६ खाली वेगळा निधी आणि तो देणं न देणं सभासदाच्या मर्जीवर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९२६ चा कायदा तिच्यात विरला. संहितेच्या कलम १५ चा गाभा तोच आहे: ठरवून दिलेल्या कारणांखेरीज सर्वसाधारण निधी खर्च करायचा नाही. फरक इतकाच की कारणांची यादी आता कायद्यात नाही, नियमांत असते.

या याद्यांमध्ये "अमुक माणूस निवडून आणणं" हे कारण कुठेच बसत नाही. निवडणूक घेणं हा कारभाराचा खर्च आहे. मतपत्रिका, पेट्या, मांडव, निवडणूक अधिकाऱ्याचं मानधन, सगळं त्यात येतं. निवडणूक जिंकणं हा कारभाराचा खर्च नाही. तुमचा युक्तिवाद या एका फरकावर उभा राहतो, म्हणून तो नीट पाठ करून ठेवा.

दुसरा आधार तुमच्या युनियनची घटना. तिची छापील प्रत मिळवा. ऐकीव घटना चालत नाही. कित्येक घटनांमध्ये "प्रचारासाठी संघटनेचे कार्यालय, वाहन, लेटरहेड वापरता येणार नाही" असं एखादं वाक्य मागच्या पानांत असतं आणि ते कोणी वाचलेलंच नसतं. असलं तर तुमचं काम निम्म्याने सोपं झालं. नसलं तर निवडणूक अधिकाऱ्याला आचारसंहिता काढायचा अधिकार दिलाय का ते बघा.

आता माझी पद्धत. वादग्रस्त खर्च समोर आला की मी दोन गोष्टी विचारतो. हा माणूस उभा नसता तर हे काम याच वेळी, याच रूपात झालं असतं का? आणि समोरच्या उमेदवाराने हेच मागितलं असतं तर त्याला मिळालं असतं का? दोन्हींचं उत्तर "हो" असेल तर मी तक्रार बाजूला ठेवतो. दोन्हींचं "नाही" असेल तर पुढचा वाद घालायची गरज उरत नाही. कस लागतो तो एक "हो" आणि एक "नाही" आल्यावर.

एक उदाहरण तपशिलात सांगतो. एका युनियनमध्ये मी निवडणूक अधिकारी होतो. विरोधी पॅनेलने एक पत्रक आणून माझ्यापुढे ठेवलं. पुढच्या बाजूला नव्या वेतन कराराची कलमं, मूळ पगारातली वाढ, रात्रपाळी भत्ता, सगळं व्यवस्थित मांडलेलं. मागच्या बाजूला अध्यक्ष-सरचिटणीसांचे फोटो आणि "हा करार कोणी आणला ते विसरू नका". पॅनेलचं नाव नाही, चिन्ह नाही, मत द्या असंही नाही. सरचिटणीस म्हणाले, करार समजावून सांगणं हे आमचं कर्तव्य आहे. खरंच आहे. मी व्हाउचर मागवलं. "करार माहितीपत्रक छपाई, ३,००० प्रती." सभासद होते साडेतेराशे. तीन हजार कशाला? यावर ते जरा अडखळले. मग छापखान्याचं चलन पाहिलं. माल उचलल्याची तारीख अर्ज माघारी घेण्याच्या दुसऱ्या दिवसाची, आणि करारावर सह्या होऊन तेव्हा चार महिने उलटलेले. त्याच कराराची हीच कलमं नोटीस बोर्डावर पूर्वीच लागली होती. माझा शेरा तिथंच ठरला. करार समजावणं कर्तव्य असेल, पण चार महिने झोपलेलं कर्तव्य अर्ज माघारीच्या दुसऱ्या दिवशी जागं होत नाही.

मी सांगितलं की छपाईची पूर्ण रक्कम उमेदवारांनी स्वतःच्या खिशातून युनियनच्या खात्यात भरावी आणि उरलेले गठ्ठे ऑफिसात सील करावेत. "अर्धी बाजू माहितीची आहे, अर्धेच पैसे घ्या" असा सूर निघाला. मी ऐकलं नाही. मागची बाजू नसती तर पुढची छापलीच गेली नसती. मग गंमत झाली. विरोधी पॅनेल म्हणालं, "आता आमचीही तेवढीच पत्रकं युनियनच्या खर्चाने छापून द्या, म्हणजे फिटंफाट." त्यालाही नकार दिला. एकाने वर्गणी प्रचाराला लावली म्हणून दुसऱ्यालाही लावू दिली तर सभासदाचा पैसा दोनदा जातो. दोन्ही पॅनेल माझ्यावर नाराज झाली. त्या दिवशी मला बरं वाटलं.

मुखपत्राचं प्रकरण जरा नाजूक आहे. नियतकालिक चालवणं हा मान्य खर्च आहे आणि पदावर असलेला माणूस काम करतो म्हणून त्याचा फोटो येणारच. मी अकरा हा आकडा एकटा पाहणार नाही. मागचे चार अंक काढा आणि फोटो मोजा. दर अंकात दहा-बारा फोटो असतील तर ती त्यांची हौस आहे, निवडणुकीशी संबंध जोडणं कठीण. एरवी दोन-तीन आणि आता अकरा असतील, अंक ठरल्या वेळेआधी निघाला असेल, जास्त प्रती छापल्या असतील किंवा नेहमी गेटवर वाटला जाणारा अंक या वेळी घरोघर पोचवला असेल, तर मात्र बोट ठेवता येतं. अमेरिकेतल्या खाणकामगारांच्या युनियनची १९६९ ची निवडणूक यासाठी नेहमी सांगितली जाते. अध्यक्ष टोनी बॉइल यांच्याविरुद्ध जोसेफ याब्लॉन्स्की उभे होते आणि युनियनचं मुखपत्र बॉइल यांचा उदोउदो करत होतं. याब्लॉन्स्की मतदानाची वाट बघत बसले नाहीत, प्रचार चालू असतानाच कोर्टात गेले. ते निवडणूक हरले, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी पत्नी व मुलीसह त्यांचा खून झाला. त्या खुनात पुढे बॉइल यांनाच शिक्षा झाली. निवडणूक १९७२ मध्ये कोर्टाने रद्द केली. फेरनिवडणुकीत बॉइल हरले. खुनाची हकिगत सगळ्यांच्या लक्षात राहते. माझ्या कामाच्या दृष्टीने मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्या माणसाने मुखपत्राची तक्रार मतमोजणीनंतरसाठी राखून ठेवली नव्हती.

तुमच्या यादीतलं सगळ्यात जड प्रकरण मात्र व्हॉट्सॲप ग्रुप आहे, आणि तुम्ही ते सहज उल्लेख करून सोडलंय. झेरॉक्सचे दोन रिम कागद किती रुपयांचे? ते कोणीही भरून देईल. पण साडेबाराशे सभासदांचे चालू मोबाइल नंबर, खात्यानुसार लावलेले, हे विकत मिळत नाही. ते नंबर कुठून आले? सभासदत्वाच्या अर्जावरून. माणसाने ते युनियनला दिले, सरचिटणीसांना व्यक्ती म्हणून दिले नाहीत. "ग्रुप माझ्या फोनवरून मी बनवला, तो माझा" असं ॲडमिन म्हणतो तेव्हा हे त्याला शांतपणे सांगायचं. ग्रुपचं नाव युनियनचं, बोधचिन्ह युनियनचं, नंबर युनियनचे, तर ग्रुपही युनियनचाच.

इथेच माझी कबुली. मी सरचिटणीस असताना तिसऱ्यांदा उभा होतो. दिवाळी निवडणुकीच्या तोंडावर आली. मी सगळ्या सभासदांच्या घरी शुभेच्छापत्रं पाठवली, युनियनच्या लेटरहेडवर, खाली माझी सही. दरवर्षी पाठवत होतो का? नाही, त्याआधी एकदाच पाठवली होती, तीही कार्यकारिणीच्या नावाने. त्याच आठवड्यात समोरच्या उमेदवाराने सभासदांच्या पत्त्यांची यादी मागितली होती आणि मी त्याला लेखी कळवलं होतं की यादी गोपनीय आहे. तो काही ओरडला नाही. सभेत उभा राहिला, एका हातात माझं शुभेच्छापत्र, दुसऱ्या हातात माझं नकाराचं पत्र, आणि म्हणाला, "पत्ते गोपनीय आहेत तर साहेबांना कुठून मिळाले?" सभा हसली. मी निवडून आलो, पण ते हसू अजून कानात आहे. पत्राचा टपालखर्च मी नंतर भरला. यादीचं काय भरणार?

खरं तर सभासदांची नोंदवही गोपनीय नसतेच. हिशेबाच्या वह्या आणि सभासदांची यादी पाहायचा हक्क प्रत्येक सभासदाला १९२६ च्या कायद्यातही होता (कलम २०) आणि संहितेतही आहे (कलम १९). वेळ घटनेत ठरवलेली असते. पाहण्याचा हक्क म्हणजे प्रत घरी न्यायचा हक्क असं मात्र नाही, आणि फोन नंबरांच्या बाबतीत सभासदाच्या खासगीपणाचा प्रश्नही खरा आहे. म्हणून यादी कोणालाच द्यायची नाही आणि प्रत्येक उमेदवाराचा मजकूर युनियन ऑफिसनेच, त्याच्या खर्चाने, सगळ्यांना सारखा पाठवायचा, हा तोडगा मला सर्वांत बरा वाटतो.

ग्रुपपुरतं मी असं करतो. अर्ज माघारीची मुदत संपली की त्या संध्याकाळी ग्रुप "फक्त ॲडमिन" करायला लावतो, मला किंवा माझ्या सहायकाला ॲडमिन करून घेतो आणि बाकी ॲडमिनना काढायला सांगतो. मग ग्रुपवर फक्त मतदानाची वेळ, जागा, ओळखपत्राची सूचना आणि कोणी वारलं-आजारी पडलं तर ती बातमी. प्रचाराला ज्याने त्याने आपला ग्रुप काढावा. यावर नेहमी एक आक्षेप येतो: विद्यमान पॅनेल जुन्या ग्रुपमधूनच नंबर उचलून नवा ग्रुप काढतं. हो, काढतं. ते पूर्ण थांबवायचा उपाय मला सापडलेला नाही. एका युनियनमध्ये मी दोन्ही पॅनेलना सांगितलं की नव्या ग्रुपची जॉइन लिंक मी अधिकृत ग्रुपवर एकदाच, एकाच संदेशात, दोन्ही शेजारी-शेजारी टाकतो, ज्याला यायचंय तो येईल, परस्पर कोणाला घालायचं नाही. बऱ्यापैकी चाललं. आदर्श नव्हतं.

गाडीचं फार लांबवत नाही. लॉगबुक मागा. लॉगबुक नसेल तर तोच एक मुद्दा आहे.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाही. तुमचे पदाधिकारी पूर्ण पगारी ड्युटी रिलीफवर आहेत का? म्हणजे मशीनवर उभं राहायचं नाही, कंपनी पगार देते, काम युनियनचं. असतील तर ते पहिल्या पाळीपासून खात्याखात्यात फिरून प्रचार करतात आणि तुमचा उमेदवार मात्र जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास मिळाला तर बोलतो. हा पैसा युनियनचा नाही, कंपनीचा आहे, आणि माझ्या मते तो जास्त घातक आहे. कागदावर तो कुठेच दिसत नाही. शिवाय व्यवस्थापनाला कोण निवडून यावंसं वाटतं हे त्यातून ठरू लागतं. मालकाने एखाद्या युनियनला पैशाने किंवा अन्य प्रकारे पाठबळ देणं, तिच्या कारभारात ढवळाढवळ करणं याला कामगार कायद्यात अनुचित कामगार प्रथा म्हणतात. एकाच युनियनमधल्या दोन पॅनेलपैकी एकाला झुकतं माप दिलं तर ते त्या व्याख्येत किती बसेल, हे पुराव्यावर अवलंबून राहील. पण व्यवस्थापनाला लेखी विचारता येतं: प्रचाराच्या काळात रिलीफवरचे उमेदवार रजा टाकणार का, आणि गेट मीटिंगची परवानगी दोन्ही पॅनेलना सारखी मिळणार का? असं पत्र गेलं की मनुष्यबळ विभाग एकदम तटस्थ होतो. कागदावर आपलं नाव यायला त्यांना आवडत नाही.

चालतं काय, तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही प्रत्येक गोष्टीवर हरकत घ्याल आणि खऱ्या हरकतीची धार जाईल. सरचिटणीस उमेदवार झाले म्हणून त्यांचं काम थांबत नाही. ते तक्रारी सोडवतील, अपघात झाला तर दवाखान्यात जातील, आणि त्याचा त्यांना फायदाही होईल. पदावर असण्याचा तो फायदा कोणी काढून घेऊ शकत नाही. रजा टाकून, स्वतःच्या मोटारसायकलवर, स्वतःच्या पैशाने ते कितीही फिरोत. युनियनच्या खर्चाने सगळ्या उमेदवारांची एक पुस्तिका, प्रत्येकाला एक पान, असं काढलं तर उत्तमच. सगळ्यांना एकाच व्यासपीठावर बोलावलं आणि माइकचं भाडं युनियनने भरलं, तरी हरकत नाही.

पैसा वळसा घालून येतो तो प्रकार ओळखायला कठीण, म्हणून त्यावर दोन ओळी. अमेरिकेत टीमस्टर्स या ट्रकचालकांच्या युनियनची १९९६ ची निवडणूक रॉन कॅरी यांनी जेम्स हॉफा यांच्याविरुद्ध थोडक्यात जिंकली. नंतर उघड झालं की युनियनने काही बाहेरच्या संस्थांना देणग्या दिल्या होत्या आणि त्याच्या बदल्यात दुसरीकडून कॅरींच्या प्रचारात पैसा आला होता. युनियनच्या वह्यांत सगळं व्यवस्थित: देणगी, ठराव, चेक. १९९७ मध्ये ती निवडणूक रद्द झाली, कॅरी अपात्र ठरले आणि १९९८ च्या फेरनिवडणुकीत हॉफा आले. (कॅरी यांच्यावर पुढे खोटी साक्ष दिल्याचा खटला झाला, त्यात २००१ मध्ये ते निर्दोष सुटले, हेही सांगायला हवं.) आपल्याकडे एवढं मोठं नसतं. आपल्याकडे मंडप कंत्राटदार असतो. युनियनच्या वार्षिक सभेचं बिल फुगतं आणि प्रचारसभेचा मंडप "आपुलकीने फुकट" लागतो. अशा वेळी प्रचाराच्या वह्या तपासून काही निघत नाही. वार्षिक सभेचं बिल मागच्या वर्षीच्या बिलाशेजारी ठेवायचं.

तक्रार कुठे करायची? पहिली निवडणूक अधिकाऱ्याकडे. लेखी, आणि मतदानाच्या आधी. हे मी कितीही वेळा सांगितलं तरी लोक निकालानंतर येतात. आधी तक्रार केली असती तर अधिकारी गठ्ठे सील करू शकला असता, ग्रुप बंद करू शकला असता. नंतर केली की समोरचा म्हणतो, जिंकले असते तर गप्प बसले असते. आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

निवडणूक अधिकारी सरचिटणीसांच्याच खिशातला असेल तर कार्यकारिणीकडे, मग घटनेत तरतूद असेल त्याप्रमाणे विशेष सर्वसाधारण सभा मागा. किती सह्या लागतात ते घटनेत असेल. श्रमिक संघांच्या निबंधकाकडे अर्जाची प्रत जरूर पाठवा, पण त्यांच्याकडून निवाड्याची अपेक्षा ठेवू नका. ते नोंदणी, वार्षिक विवरणपत्र, पदाधिकाऱ्यांच्या बदलाची नोंद बघतात. दोन गटांत खरा पदाधिकारी कोण हे ठरवणारं न्यायपीठ ते नाही. महाराष्ट्रात त्यासाठी जुन्या कायद्यात राज्याने घातलेलं कलम २८-१अ होतं: किमान सहा महिने सभासद असलेला माणूस निबंधकांच्या संमतीने पदाधिकारी कोण, किंवा युनियनची मालमत्ता आणि हिशेबाच्या वह्या यांचा वाद औद्योगिक न्यायालयात नेऊ शकत असे. आता संहितेच्या कलम २२ मध्ये सभासद आणि युनियन यांच्यातला कारभाराचा किंवा पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीचा वाद औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जातो, आणि अशा वादात दिवाणी न्यायालयाला हात घालता येत नाही. जुन्या निवाड्यांचे दाखले देत दिवाणी दावा लावू म्हणणारा वकील भेटला तर त्याला हे कलम वाचायला द्या.

पोलिसांत जाऊ का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण तुमच्या सुरात आहे. खात्यातून रक्कम काढून हिशेब दिला नसेल तर विश्वासघाताचा गुन्हा, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६, विचारात घ्या. टोनर आणि डिझेलसाठी जाऊ नका. ठाणे अंमलदार तुम्हाला बसवून चहा पाजेल आणि "आपसात मिटवा" म्हणेल.

निवडणूक रद्द होईल का? इथे मी हात राखून बोलतो, कारण ते तुमच्या घटनेवर, पुराव्यावर आणि सगळ्यात जास्त मतांच्या फरकावर अवलंबून आहे. आमदार-खासदारांच्या निवडणुकांना लागू असलेल्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०० मध्ये काही कारणांसाठी निकालावर लक्षणीय परिणाम झाल्याचं दाखवावं लागतं. तो कायदा युनियनला लागू नाही, पण न्यायपीठाच्या मनात प्रश्न साधारण तोच येतो. फरक ४४ मतांचा असेल, रात्रपाळीत तीनशे माणसं असतील आणि त्यांच्यापर्यंत एकच पॅनेल युनियनच्या गाडीतून पोचलं हे दाखवता आलं, तर तुमच्या म्हणण्यात वजन आहे. फरक चारशेचा असेल तर रद्द करा म्हणू नका, वसुली मागा आणि पुढच्या निवडणुकीसाठी आचारसंहिता घटनेत घालून घ्या. ते मिळण्याची शक्यता जास्त आणि टिकतंही तेच.

म्हणजे तुमच्या चार तक्रारींचा माझ्या मते क्रम असा लागतो: ग्रुप पहिला, मग झेरॉक्स, मग गाडी, आणि मुखपत्र सर्वांत शेवटी, तेही मागच्या अंकांतले फोटो मोजल्यावर.

पुरावा गोळा करताना: व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट फिरवू नका. ज्याच्या फोनवर संदेश आला त्याने तो फोन जपून ठेवावा, चॅट एक्सपोर्ट करून ठेवावं. पुढे न्यायाधिकरणात गेलात तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागेल, जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. झेरॉक्स मशीनवर प्रतींचा काउंटर असतो. ऑफिसात दोन साक्षीदार घेऊन जा आणि आजचा आकडा तारखेसह लिहून ठेवा, मतदानाच्या आदल्या दिवशी पुन्हा लिहा. मधल्या काळात युनियनने कोणत्या नोटिसा काढल्या ते बोर्डावर दिसतंच. वजाबाकी कोणालाही करता येते.

आणि आजच एक पत्र द्या. चार ओळींचं: अमुक तारखेपासून अमुक साधन अमुक उमेदवार वापरत आहेत, ते थांबवावं किंवा सर्व उमेदवारांना सारखं उपलब्ध करावं, आणि कलम १९ प्रमाणे गेल्या तीन महिन्यांची व्हाउचरं पाहायला वेळ द्यावी. विशेषणं नकोत. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ऑफिसात पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती पाकिटात न ठेवता वहीत चिकटवा. त्या पावतीवरची शाई उडते, म्हणून तिची झेरॉक्सही काढून ठेवा. बाहेरून, स्वतःच्या पैशाने.